बटण आणि रीळ

तुटक्या छत्रीचे जास्तीत जास्त उपयोग सांगा, असं मी मुलांना विचारते आणि त्यांची उत्तरं तपासते. हाच माझा पोटापाण्याचा उद्योग. हुशार मुलांना आणखी वेगळा विचार करायला शिकवणारं एक केंद्र आहे, त्याची मी परीक्षक. लोकांना वाटतं, मी दिवसभर मुलांच्या गोडगोड कल्पना वाचत मजेत बसलेली असते. या म्हणावं एकदा माझ्या जागी. डोक्याचा पार भुगा होतो.

गुण द्यायचा नियम सोपा आहे. जे उत्तर बऱ्याच मुलांनी दिलं, त्याला शून्य. जे एखाद्यानेच दिलं, त्याला पूर्ण गुण. उत्तर शहाणपणाचं की वेडपटपणाचं, हे आम्ही बघत नाही. आणखी कुणाला सुचलं का, एवढंच बघतो. नियम मी केलेला नाही, पण मी तो काटेकोर पाळते, आणि म्हणूनच मला तिथे ठेवलंय.

शिकवायला एक सर आहेत. मुलं त्यांना भन्नाटसर म्हणतात, कारण कुणी काहीही बोललं तरी ते 'भन्नाट!' म्हणून टाळीसाठी हात पुढे करतात. माणूस वाईट नाही, उत्साह जरा उतू जातो इतकंच. त्यांच्या वर्गाच्या भिंती पिवळ्याधमक, खुर्च्यांऐवजी गाद्या, आणि दारात एक कचऱ्याचा डबा. मनात आलेला पहिला विचार चिठ्ठीवर लिहायचा, चिठ्ठी डब्यात टाकायची आणि मगच आत यायचं, अशी तिथली रीत. पहिला विचार म्हणे सगळ्यांनाच सुचतो, म्हणून तो बाहेर.

आता तुम्हीच सांगा, सगळी मुलं वर्षभर त्याच गाद्यांवर बसून त्याच माणसाकडून 'भन्नाट' ऐकणार, तर होणार काय? यंदा छत्रीच्या प्रश्नाला पोरांनी लिहिलं: फुलपाखरांचं वसतिगृह. परग्रहावरच्या लोकांशी बोलायचा अँटेना. ढगांना पाणी परत करायचं भांडं. दुःख झेलायची टोपली. एखादीने लिहिलं असतं तर मीही कौतुकाने मान डोलावली असती. पण गठ्ठाच्या गठ्ठा तेच! बाराव्या फुलपाखराला तर मला त्या बिचाऱ्या किड्याचा राग यायला लागला. मी आपली शून्यं देत सुटले.

या परीक्षेतून जी मुलं पहिली येतात, त्यांना निवासी वर्गात पाठवतात. तो वर्ग लांब आहे, दुसऱ्या गावी. एकदा गेलेलं मूल शाळा संपेपर्यंत तिथेच, घरी यायचं ते मोठ्या सुट्टीत. सगळं फुकट, आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलांचं भलं होतं, हे मी स्वतः पाहिलंय. म्हणून आईबाप देव पाण्यात घालून बसतात.

माझा धाकटा भाऊही बसला होता.

माझा भाऊ लिफ्ट दुरुस्त करतो. त्याची बायको दवाखान्यातल्या धुलाईखान्यात पाळ्या करते. त्यांना एकच मुलगी. तिचं नाव काहीही असो, घरात तिला सगळे बटण म्हणतात, आणि त्याला कारण आमचे बाबा.

बाबांचं शिवणकामाचं दुकान होतं. मग झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. समजतं सगळं, नको इतकं समजतं, पण जीभ हलत नाही. डाव्या हातात पेन द्यावं तर कागदावर नुसत्या रेघोट्या. सुरुवातीला त्यांनी इतकी चिडचिड केली की घरातल्या सगळ्यांच्या नाकी नऊ आले. एक दिवस बटणने दुकानातला पत्र्याचा डबा काढून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यात खडू, टेप, शिवताना बोटात घालायचं अंगुस्तान, बक्कल, टाचण्या, रिळं, असला सगळा पसारा. तेव्हापासून बाबा त्या डब्यातून बोलतात. एक वस्तू काढतात, समोर धरतात, आणि बटणला कळतं.

टेप म्हणजे आडवं व्हायचंय. अंगुस्तान म्हणजे चष्मा. बक्कल म्हणजे माझा भाऊ, कारण तो एकदा अडकला की सुटत नाही. पांढरं मोठं बटण म्हणजे नात, तिच्या पहिल्या झबल्याचं ते उरलेलं बटण. माझ्यासाठी टाचणी आहे. का, ते मी विचारलेलं नाही.

हे एवढं मलाही पाठ झालंय, पण ते माणसांचं आणि रोजच्या गरजांचं. बाबा दोन-तीन वस्तू एकापुढे एक ठेवून काहीतरी लांबलचक सांगायला लागले की माझी बोलती बंद. मी पाणी विचारते, उशी सरकवते, आणि ते डोळे मिटून घेतात. मी त्यांची सख्खी मुलगी, पण बटण शाळेतून येईपर्यंत ते माझ्यासमोर मुकेच. एक गंमत तर कायमची. मी जायला उठले की बाबा हटकून लाल दोऱ्याचं रीळ माझ्या हातात कोंबतात. मला वाटतं, जुन्या सवयीने सुईत दोरा ओवून मागतायत. मी "पुढच्या वेळी हं बाबा" म्हणते आणि रीळ डब्यात टाकून निघते. डॉक्टरांनाही त्यांनी एकदा रीळ दिलं. ते बिचारे भिडेखातर खिशात घालून गेले आणि पुढच्या खेपेला परत घेऊन आले.

तर बटण निवासी वर्गात गेली की हा डबा मुका होणार होता. हे मला दिसत होतं, भावाला दिसत होतं आणि बटणला तर दिसतच होतं.

"ताई, माझं आयुष्य गेलं लोकांना वर-खाली करण्यात," भाऊ मला म्हणाला. "पोरीला तरी एकदाचं वर जाऊ दे."

"आणि बाबा?"

"आपण आहोत की."

"तुला काय कळतं ते काय म्हणतात ते?"

"तुला कळतं?" त्याने विचारलं.

त्याचं चूक नव्हतं. म्हाताऱ्या माणसाच्या सोयीसाठी अकरा-बारा वर्षांच्या पोरीचं पुढचं सगळं थांबवायचं, हे कुठल्या तोंडाने म्हणायचं? आणि माझं तर तोंड दोन्हीकडून बांधलेलं. बाबांसाठी तिने राहावं असं मला वाटत होतं, अगदी जिवापासून वाटत होतं, आणि तिचे गुण देणारीही मीच होते. मी संचालकांना आधीच सांगून टाकलं की भाची परीक्षेला बसतेय, मला यातून मोकळं करा. ते हसले. "बाई, तुम्ही सख्ख्या आईलासुद्धा अर्धा गुण जास्त देणार नाही." हे खरं आहे, पण उणा देणार नाही असं ते म्हणाले नव्हते.

बटण भन्नाटसरांच्या गादीवर कधी बसलेली नव्हती. तिच्या शाळेने तिला थेट परीक्षेला पाठवलं. जायचं नाही म्हणून घरी सांगून बघितलं, तर भाऊ म्हणाला, तुला काय कळतंय. कोरा पेपर दिला असता तर त्याने तिथल्या तिथे ओळखलं असतं. तेव्हा पोरीने साधा हिशेब केला: वेगळं लिहिलं की पास करतात ना, मग आपण अगदी साधं लिहू.

पेपरवर नावं नसतात, आकडे असतात. मी गठ्ठा उपसत होते, फुलपाखरांना शून्य देत होते, आणि मध्येच एक पेपर आला. तुटक्या छत्रीचे उपयोग: दुरुस्त करायची. ऊन लागलं की डोक्यावर धरायची. दुरुस्त होत नसेल तर टाकून द्यायची.

बस. मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. मग आख्खा गठ्ठा पुन्हा चाळला. एकाही मुलाने छत्री डोक्यावर धरली नव्हती. एकानेही ती दुरुस्त करायचं मनात आणलं नव्हतं, किंवा आणलं असेल तर ते दारातल्या डब्यात टाकून आत आला होता. नियम म्हणजे नियम. मी पूर्ण गुण दिले. सगळा पेपर तसाच होता, सगळ्याला पूर्ण गुण. आकड्यांवरून नावं काढली तेव्हा कळलं, बटण पहिली आली होती.

अरे देवा! भावाने आख्ख्या इमारतीला खाऊ वाटला. बटण खोलीत जाऊन डब्याशेजारी बसली आणि जेवायलाही आली नाही.

त्यानंतर मुलाखत असते. लांब टेबलाच्या एका बाजूला संचालक, भन्नाटसर आणि एक मानसशास्त्राच्या बाई. टोकाला मी, गुण लिहायला. बटण समोर बसली. खुर्ची उंच, पाय जमिनीला टेकत नव्हते.

"ही उत्तरं तुला सुचली कशी गं?" संचालकांनी विचारलं.

"मला नापास व्हायचं होतं," ती म्हणाली.

भन्नाटसर खुर्चीतून अर्धे उठले. "भन्नाट!"

"परीक्षेच्या चौकटीलाच हात घातला हिने," मानसशास्त्राच्या बाई म्हणाल्या.

"नाही, खरंच," बटण म्हणाली. "मला नाही जायचं तिकडे. मला आजोबांजवळ राहायचंय."

"आणि माया किती!" संचालकांचे डोळे पाणावले. "नुसती बुद्धी नाही, काळीजही आहे."

बटणने माझ्याकडे बघितलं. मी कागदाकडे बघितलं. मग तिने ओठ घट्ट मिटले आणि पुढच्या एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. त्या तिघांनी तेही लिहून घेतलं. मौनातून व्यक्त होते, असं काहीतरी. माझ्या रकान्यात मी काय लिहिणार? मला नापास व्हायचंय असं त्या खुर्चीत बसून आजवर कुठल्याच मुलाने म्हटलं नव्हतं. पूर्ण गुण. तोंडात मारल्यासारखं झालं मला, पण लिहिले.

आता फक्त शेवटची फेरी राहिली. हातात एक वस्तू देतात आणि तोंडी उपयोग विचारतात, त्यात अगदीच आपटलं तर नाव जातं. पण इतक्या वर पोचलेलं मूल तिथे सहसा आपटत नाही.

फेरीच्या आदल्या दुपारी मी भावाकडे गेले. कुठेतरी लिफ्ट अडकली म्हणून तो बाहेर, भावजय पाळी करून आलेली, आत गाढ झोपलेली. बाबा खिडकीजवळच्या खुर्चीत, मांडीवर डबा. मी त्यांच्याजवळ स्टुलावर बसले, तर बटण माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने विचार करून ठेवला होता, हे दिसतच होतं.

"आत्या, कुणीच दिलं नाही ते उत्तर दिलं की गुण मिळतात ना?"

"हो."

"आणि सगळे देतात तेच दिलं की शून्य?"

"हो."

"मग बाकीची मुलं काय उत्तरं देतात?"

"वेडी आहेस का तू? ते बाहेर सांगायचं नसतं. नोकरी जाईल माझी."

"मला कशी कळणार मग? मी त्यांच्या वर्गात गेलेच नाहीये." तिने माझा हात धरला. "मी काहीही बोलले तरी त्यांना वेगळंच वाटतं. आत्या, सांग ना गं. आजोबांना पाणी हवंय की पाठ दुखतेय हे तरी कळणारे का तुम्हाला कुणाला?"

"नाही म्हणजे नाही," मी म्हणाले. मी चिडले होते, कारण ती बरोबर बोलत होती.

तेवढ्यात बाबांनी खुर्चीच्या हातावर थाप मारली. आम्ही दोघी वळलो. त्यांनी डबा ढवळला, पांढरं बटण काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. मग लाल रीळ काढलं, तेही बटणाशेजारी ठेवलं. आणि डाव्या हाताने माझी मूठ मिटून घट्ट दाबली. असं त्यांनी कधी केलं नव्हतं.

"काय म्हणतायत?" मी विचारलं.

बटणने माझ्या मुठीकडे बघितलं. जरा जास्तच वेळ बघितलं.

"म्हणतायत, बटणला सांगून टाक."

"रीळ म्हणजे सांग?"

"रीळ म्हणजे बोलणं. दोरा निघत जातो ना, तसं."

बाबांनी घशातून मोठा आवाज काढला आणि खुर्चीवर पुन्हा थाप मारली, आधीपेक्षा जोरात.

"बघ, चिडले," बटण म्हणाली. "लवकर सांग म्हणतायत."

उभ्या जन्मात मी पेपरातला एक शब्द कुणापुढे काढला नव्हता. पण ज्या माणसाने मला हाताला धरून लिहायला शिकवलं, तो माझी मूठ दाबून सांग म्हणत होता. मी सांगितलं. वस्तू कुठलीही असू दे, म्हटलं, एक फुलपाखरू घाल, एक परग्रह घाल, एक ढग घाल आणि शेवटी थोडं दुःख. बटणने दोनदा म्हणून दाखवलं, पाढ्यासारखं. बाबांनी तोंड खिडकीकडे फिरवलं होतं. मला वाटलं, दमले असतील.

दुसऱ्या दिवशी बटणच्या हातात एक गंजकी चावी ठेवली गेली. तिघंही पुढे झुकून बसले. भन्नाटसरांची टाळी तयारच होती.

"फुलपाखरांच्या घराची चावी," बटण म्हणाली. "परग्रहाचं दार उघडायची चावी. ढगांच्या कुलपाची चावी. दुःख कोंडून ठेवायची चावी."

मानसशास्त्राच्या बाईंनी पेन खाली ठेवलं. भन्नाटसरांनी हात हळूच टेबलाखाली घेतला. बिचाऱ्यांना स्वतःचाच वर्ग ऐकू आला असावा. "आणखी काही, बाळ?" संचालकांनी विचारलं. "नाही," बटण म्हणाली. त्या दिवशी यातलं प्रत्येक उत्तर आधीच्या मुलांनी देऊन झालं होतं. मी नियमाने शून्यं लिहिली. इतक्या आनंदाने शून्य लिहायची वेळ माझ्यावर पुन्हा येईल असं वाटत नाही.

भावाला मात्र फार लागलं. तो जिन्यात बसून राहिला, वर यायलाच तयार नाही. "ऐनवेळी कच खाल्ली पोरीने," एवढंच म्हणत राहिला. मग वर येऊन बाबांच्या पायाशी बसला आणि म्हणाला, "नाही झालं हो बाबा तिचं." बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. नंतर बरेच दिवस त्यांनी डब्याला हातच लावला नाही. बटण म्हणाली, आजोबांना कंटाळा आलाय.

मग एका संध्याकाळी मी गेले तेव्हा ते पुन्हा डबा घेऊन बसलेले दिसले. बटण पाव आणायला खाली गेली होती. मी इकडचं तिकडचं बोलले, उशी नीट केली, आणि ती येईपर्यंत थांबायला वेळ नव्हता म्हणून उठले. बाबांनी रीळ माझ्या हातात दिलं.

आता मला अर्थ माहीत होता. रीळ म्हणजे बोलणं. मी लगेच खाली बसले. "बोला बाबा, ऐकतेय मी."

त्यांनी घशातून तोच चिडका आवाज काढला. रीळ माझ्या हातात पुन्हा दाबलं आणि मला खांद्याला धरून दाराकडे ढकललं.

"अहो, बसते म्हटलं ना! घाई नाही मला."

त्यांनी पुन्हा दाराकडे हात केला. मी रीळ घेऊन तशीच बसून राहिले, आणि हळूहळू माझ्या डोक्यात उजेड पडायला लागला. मी उठले की रीळ. डॉक्टर उठले की रीळ. भाऊ कामावर निघाला की रीळ, एकदा तर ते त्याच्या हत्यारांच्या पिशवीत सापडलं होतं. बसलेल्या माणसाला बाबांनी कधी रीळ दिलेलं नव्हतं. दारात निघालेल्यालाच द्यायचे. जा, नीट जा, असं म्हणायचे.

बसलेल्या माणसाला दिलं ते एकदाच, त्या दुपारी, मला. आणि त्याच्याजवळ पांढरं बटण ठेवलं होतं.

मी डब्यातून बटण शोधून काढलं. माझ्या तळहातावर बटण ठेवलं, शेजारी रीळ ठेवलं आणि हात त्यांच्यापुढे धरला. "बाबा, हिला जाऊ दे म्हणत होतात?"

त्यांनी माझी मूठ मिटली आणि तशीच दाबली. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि मला रडू आवरेना. इतक्या दिवसांत त्यांनी मला सांगितलेलं आणि मला कळलेलं हे पहिलं वाक्य. ते कळायला मी उशीर केला होता.

दारात पाऊल वाजलं. बटण पाव घेऊन आली. तिने आजोबांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि माझ्या उघडत्या मुठीतलं बटण आणि रीळ तिला दिसलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय म्हणाले आजोबा?" तिने विचारलं.

"मला कुठलं कळायला," मी म्हणाले. "तूच सांग."

ती पावाची पिशवी छातीशी धरून उभी राहिली. बाबा तिच्याकडेच बघत होते.

"म्हणतायत," ती म्हणाली, "आत्याला म्हणावं चहा टाक."

"बरं," मी म्हणाले.

रीळ मी डब्यात ठेवलं आणि स्वयंपाकघरात जायला उठले. बाबांनी ते पुन्हा बाहेर काढलं नाही, ना माझ्यासाठी, ना बटणसाठी.